मधल्या प्रहराची ज्योत

आषाढीच्या आधी पैठणहून निघालेली एकनाथांची पालखी आमच्या खर्ड्यात मुक्कामाला असते. त्या रात्रीच्या भजनात सत्तरीतली माणसं आणि विशीतली पोरं एकाच रांगेत टाळ धरून उभी राहतात, आणि एखाद्या अभंगाच्या नव्या चालीवरून कुरबूर झाल्याशिवाय रात्र जात नाही. आमच्या मंडळातले थोरले बुवा टाळ थांबवून म्हणतात, "ही चाल आपली न्हाई." मी पखवाजावर असतो, मला मध्येच हात काढता येत नाही, पण ठेका धरता धरता ते वाक्य मनात घोळत राहतं. अभंग तुकोबांचाच, एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नाही. ठेका भजनी. गाणारी पोरं याच गावातली, बुवांच्या डोळ्यांदेखत वाढलेली. मग त्यातून असं काय निघून गेलं, की बुवांना ते परकं वाटावं? आणि जे निघून गेलं, ते आधी होतं कुठं?

वरवर पाहता हा गाण्याचा वाद आहे. पण त्याच्या तळाशी धर्मातला फार जुना प्रश्न आहे: बदललेली गोष्ट तीच आहे, हे कशावरून म्हणायचं? नगरला तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. केलं तेव्हा हा प्रश्न मी परीक्षेपुरता वाचला होता. तो मनाला लागला तो पुष्कळ वर्षांनी, आणि लावला माझ्या पुतण्यानं, एका स्वीडिश मेटल बँडची गाणी ऐकवून.

तो पुण्यात नोकरी करतो. 2019 साली पुण्याच्या एनएच7 वीकेंडर महोत्सवात ओपेथ हा बँड आला होता, तो त्यानं समोर उभं राहून ऐकला. तेव्हापासून सुटीला घरी आला की तो हेडफोन माझ्या कानांवर चढवतो. "काका, तुम्ही नुसते ड्रम ऐका, बाकीचं सोडा." मी ड्रमच ऐकले आणि अडकलो. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये ठेका चार मात्रांवर निवांत बसून राहत नाही. पाच, सात अशा विषम मात्रांची आवर्तनं येतात, एकाच गाण्यात लय कितीदा तरी पालटते, दहा-दहा मिनिटं गाणं चालतं. ड्रमर दोन्ही पायांनी दोन पेडल मारत खालचा आवाज सलग घुमवत ठेवतो. आमच्याकडे हे काम पखवाजाच्या डाव्या पुडीचं. तिला कणीक लावतात. ताजी भिजवलेली, ना सैल ना घट्ट. मधोमध थापायची, कडेला पातळ करत न्यायची, एक थाप मारून ऐकायचं. आवाज पोकळ आला तर चिमूटभर आणखी लावायची, बसका आला तर नखानं खरवडून काढायची. कीर्तन दोन तास चाललं की कणीक सुकते, आवाज चढायला लागतो, मग पाण्याचं बोट फिरवायचं. त्या घुमण्याची ओढ ज्याच्या हातात मुरली आहे, त्याला मेटलचा खालचा नाद परका वाटत नाही. मला तरी वाटला नाही.

परका वाटला तो गळा. ग्राउल म्हणतात त्याला. खऱ्या स्वरतंतूंच्या वर जे मांसल पडदे असतात, त्यांना कंपायला लावून काढलेला खोल, खरबरीत आवाज. ओपेथचा गायक मिकाएल ओकरफेल्ट या आवाजासाठी जगभर नावाजलेला, आणि त्याच गाण्यात पुढच्या कडव्याला तो अगदी मऊ, उघड्या गळ्यानं गायचा. 2008 च्या 'वॉटरशेड' या अल्बमपर्यंत हे असं चाललं. 2011 मध्ये 'हेरिटेज' आला आणि ग्राउल नाहीसा झाला. 1970 च्या दशकातल्या रॉकच्या वळणाचं, स्वच्छ गळ्याचं गाणं सुरू झालं. पुढचे तीन अल्बम तसेच आले. चाहत्यांत फूट पडली. मग नोव्हेंबर 2024 मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' निघाला आणि 16 वर्षांनी नव्या अल्बमवर तो आवाज पुन्हा ऐकू आला. पुतण्याचा रात्री फोन. "काका, ओपेथ परत आले!"

मी विचारलं, "गेले कुठं होते?"

मी मनापासून विचारलं होतं. मधल्या काळात बँड थांबला नव्हता. गात होता, देशोदेशी फिरत होता. पुतण्यानं त्याला पुण्यात ऐकलं ते याच काळात. गायक तोच, त्याचा गळाही तोच. तरी चाहत्यांना ठाम वाटत होतं की मधला तो बँड दुसराच कुणीतरी होता. याहून विचारात पाडणारी गोष्ट पुढं आहे. ओपेथ सुरू करणारा डेव्हिड इसबर्ग 1992 मध्येच बाहेर पडला. ओकरफेल्टला बँडमध्ये आणलं ते त्यानंच. म्हणजे आज तिथं ज्यानं बँड उभा केला तो माणूसच नाही. मग परत आलं ते कोण?

आपल्याकडे या प्रश्नाचं एक उत्तर तयार आहे, आणि ते मुंबईच्या एका मेटल बँडनं माझ्यासमोर ठेवलं. साहिल मखिजा यांनी 2000 साली डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड सुरू केला. बँडच्या नावात राक्षस, गायकाच्या टोपणनावात राक्षस, अल्बममध्ये अंधाराच्या आणि राक्षसराजांच्या कल्पित कथा. 2014 च्या अल्बमचं नावच 'द डेमन किंग'. आणि त्यानंतर 2017 मध्ये त्यांनी काढला 'दशावतार'. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक. डेथ, ब्लॅक, प्रोग्रेसिव्ह अशा धारा मिसळलेल्या त्यांच्या संगीतात सतार, तबला, बासरी यांचे सूर आले. राक्षसांची गाणी गाणारा विष्णूचं गाऊ लागला आणि ग्राउल मात्र सुटला नाही. ओपेथनं गळा बदलला होता. इथं गळा राहिला आणि गाण्यातलं दैवत बदललं.

मंडळातल्या एका गृहस्थांना मी यातलं नृसिंहाचं गाणं ऐकवलं. ते कानावर हात ठेवून म्हणाले, "देवाचं नाव असल्या आवाजात घ्यायचं म्हंजे पाप हाय." त्यांची श्रद्धा मी जाणतो, आणि म्हणूनच मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला. भागवताच्या सातव्या स्कंधात नृसिंह प्रकटतो ते काय गोड गात? खांब फुटतो. माणूस नाही आणि पशूही नाही असं ते रूप गर्जना करत बाहेर येतं, उंबऱ्यावर बसून हिरण्यकशिपूला नखांनी फाडतं, आणि काम झाल्यावरही त्याचा राग निवत नाही. ब्रह्मदेवासकट सगळे देव लांब उभे राहून स्तुती करतात. पुढं पाऊल टाकायला कुणी धजत नाही. शेवटी ते लक्ष्मीला पाठवतात. आणि जी अष्टौप्रहर त्याच्याजवळ असते, ती लक्ष्मी थबकते. असलं रूप तिनं कधी पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही. तिला भीती वाटते, ती जवळ जात नाही. जवळ जातो तो लहानगा प्रल्हाद.

या प्रसंगावर आमच्याकडे पुष्कळ कीर्तनं होतात, पण सगळा भर प्रल्हादाच्या भक्तीवर असतो. मला लक्ष्मीचं थबकणं मोठं वाटतं. जितका सहवास जुना, तितकं नवं रूप ओळखणं कठीण, हे भागवतानं देवाच्या पत्नीच्या तोंडावर लिहून ठेवलं आहे. प्रल्हादाला देव आधी कसा दिसायचा हे ठाऊकच नव्हतं. त्यानं हाक मारली होती आणि हाकेला कुणीतरी आलं होतं. जो कामाला धावून आला तो आपला, एवढं त्याला पुरलं. अवताराचा न्याय असा आहे. रूप कामाला शोभेल ते. पृथ्वी पाण्यातून वर काढायची तर वराहाचा सुळा लागतो, बळीच्या दारी मागायला जायचं तर बटूचं पाऊल. नृसिंहानं रामासारखं मृदू बोलावं असं कुणी म्हणत नाही, मग त्याच्या गाण्यानं तरी मृदू का असावं? ज्या घरांचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचं आहे, त्यांना तरी हा आवाज समजायला हवा. त्या उग्रपणाला माझा नमस्कार आहे, तो ज्या गळ्यातून येईल त्या गळ्यासकट.

अवताराचं उत्तर असं मनाला धीर देणारं आहे. रूपं अनेक, मागचा एक. वर काहीही पालटो, आतला पालटत नाही. पण त्याच अल्बमचं नववं गाणं लागलं आणि मी तिथं थांबलो. नववं गाणं बुद्धाचं आहे.

महाराष्ट्रात या नवव्या जागेची गोष्ट निराळी आहे. जुन्या दशावतारी चित्रांत आणि पंचांगांत नवव्या घरात विठ्ठल उभा दिसतो. आमच्या संतांनीही विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटलेलं आहे. पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच रेघ दुसऱ्या टोकाकडून ओढली: डिसेंबर 1954 मध्ये देहू रोडला, तुकोबांच्या गावाजवळ, बुद्धमूर्तीच्या स्थापनेच्या वेळी त्यांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, असा विचार मांडला. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी सांगते की बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे आम्ही मानत नाही.

वारकऱ्यानं या प्रतिज्ञेकडे पाठ फिरवू नये. अवताराच्या उत्तरातली खरी उणीव तिनं दाखवली आहे. एखाद्याला "तू म्हणजे आमचाच" म्हणणं हे प्रेमानं होतं तसं गिळंकृत करण्यासाठीही होतं. बुद्धानं यज्ञ नाकारला, जन्मावरचं श्रेष्ठत्व नाकारलं, कधीही न बदलणारा आत्मा नाकारला. त्याला अवतार म्हणताच हे सगळं नाकारणं विष्णूची एक लीला होऊन बसतं; त्याचं बोलणं त्याचं राहतच नाही. तीच राहण्याची सक्ती ही आवाज काढून घेण्याची एक रीत आहे. पुतण्याच्या "परत आले" मध्येही तिचा थोडा अंश आहे. चार अल्बमांची मेहनत त्यानं गैरहजेरीत जमा केली.

मग बुद्धाच्या बाजूनं या प्रश्नाचं उत्तर काय? ते 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, सागल नगरीचा ग्रीक राजा; सागल म्हणजे आजचं सियालकोट. तो भिक्खू नागसेनाला विचारतो, जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. मग तो दिव्याचा दाखला देतो. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत, मधल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? राजा म्हणतो, नाही. मग रात्रीत तीन दिवे होते का? तेही नाही. एकीच्या आधारानं दुसरी जळत राहिली. आत न बदलणारं काही शोधायची गरजच नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर उत्तर चतुर ठरलं असतं आणि मला पुरलं नसतं. नागसेन पुढं आंब्याच्या चोराची गोष्ट सांगतो. चोर राजापुढं म्हणतो, या माणसानं लावला तो आंबा जमिनीत गेला, मी तोडले ते आंबे निराळे, मी चोर कसा? राजा मिलिंद म्हणतो, तरीही तो दोषी, कारण हे आंबे त्या आंब्यातूनच आले. इथं सगळा विचार पालटतो. वस्तू तीच आहे का, हा प्रश्न मागं पडतो. ती कुणापासून आली, आणि घेणारा ते देणं मान्य करतो का, हा प्रश्न उरतो. 'तीच' नसली तरी देणं संपत नाही.

ओपेथच्या नव्या अल्बमची कथाही, योगायोगानं, देण्याघेण्याचीच आहे. काळ 1920 च्या दशकाचा. एका श्रीमंत, करड्या कुटुंबप्रमुखाचं मृत्युपत्र त्याच्या मुलांसमोर वाचलं जातं. गाण्यांना नावं नाहीत, मृत्युपत्राच्या कलमांसारखे आकडे आहेत. शेवटच्या एकाच गाण्याला नाव आहे. जेथ्रो टल या बँडचे इयान अँडरसन या अल्बममध्ये निवेदन करतात, बासरीही वाजवतात. ज्यांना आपण वारस समजत होतो ते रक्ताचे नव्हेत असं निघतं, सगळी इस्टेट घरात वाढलेल्या आजारी मुलीला मिळते, आणि अखेरीस कळतं की तीही त्याच्या रक्ताची नाही. मेलेल्या माणसाच्या या कठोर कथेला जुना खोल आवाज हवाच होता. तो परत आला नाही, या कथेनं त्याला कामाला बोलावलं. आणि रक्ताचा वारस शोधत बसणाऱ्यांच्या हाती शेवटी काय लागतं, तेही तिनं सांगून टाकलं.

देणं मान्य करून बदलण्याचा आमच्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा दाखला नेवाशाचा. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी तिथं गीता मराठीत आणली. मूळ 700 श्लोक, ज्ञानेश्वरीच्या ओव्या 9000 च्या घरात. भाषा बदलली, छंद बदलला, आकार बदलला. संस्कृत जाणणाऱ्या कुणालाही म्हणता आलं असतं की ही गीता आपली नाही. पण माउली पानोपानी सांगतात की हे निवृत्तिनाथांच्या कृपेनं मिळालं, मूळ बोलणं श्रीकृष्णाचं. 1584 मध्ये एकनाथांनी हातोहाती बिघडत गेलेली ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली आणि पुढच्यांना बजावलं की यात आपली ओवी घुसडू नका. हेच नाथ स्वतः गाताना भारुडं रचतात, त्यांत जोगवा मागणारी येते, विंचू चावलेला येतो. पोथीपुरते इतके कडक आणि स्वतःच्या गाण्यात इतके मोकळे! मला यात विसंगती दिसत नाही. दुसऱ्याचं ते त्याच्या नावानं जसंच्या तसं राखायचं, आपलं ते आपल्या नावानं हवं तसं गायचं.

म्हणून चालीच्या वादात माझं मत आता ठरलं आहे. नवी चाल लावायला माझी हरकत नाही, ती कितीही वेगळी असो. कुणी अभंगाला इलेक्ट्रिक गिटार लावली तरी मी पखवाज घेऊन शेजारी बसेन. हरकत आहे ती जुनी चाल न शिकता नवी लावण्याला, आणि सिनेमाची चाल उचलून ती कुठून आणली हे न बोलण्याला. ते आंबे तोडून मालकाला न ओळखण्यासारखं आहे. ओकरफेल्टला सत्तरच्या दशकातलं रॉक मुखोद्गत आहे, म्हणून त्याचं बदलणं मला मानवतं. मखिजांनी मेटल पुरतं अंगी मुरवलं आणि मग सतार जवळ केली.

नाव, झेंडा, गादी तीच ठेवूनही ज्योत विझते, हे खर्ड्याच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. 11 मार्च 1795 ला इथं मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. सवाई माधवरावांच्या नावानं शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, परशुरामभाऊ पटवर्धन सारे एका झेंड्याखाली आले. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि त्याला तह करावा लागला. असे सगळे एकत्र आले ते शेवटचे. ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, पुढं शिंदे-होळकर एकमेकांवर उठले, आणि 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला. पेशवाई नावाला होती, साताऱ्याला छत्रपती होते, झेंडा भगवाच होता. बाहेरून काही बदललं नव्हतं. एकानं दुसऱ्याला द्यायचं ते मात्र दिलं नव्हतं. किल्ला अजून उभा आहे, येऊन पाहा.

माझी विनंती तुमच्याही गावासाठी आहे. जुन्या चाली ज्यांना पाठ आहेत अशी माणसं प्रत्येक गावात आता थोडी उरली आहेत. त्यांच्यापाशी बसा, चाल शिका, फोनवर भरून घ्या. मग तुम्हाला गावंसं वाटेल तशा आवाजात गा, आणि गाण्याआधी ती कुणाकडून घेतली त्या माणसाचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा.